विरोध केला म्हणे!

आज सकाळी पेपराच्या घडीतून एक गुळगुळीत पुस्तिका पडली. आमच्या आमदारसाहेबांचा कार्यअहवाल. मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, आत सभामंडप, हायमास्ट दिवे, काँक्रीटचे रस्ते. आणि मधल्या पानावर ठळक अक्षरांत, 'स्मार्ट मीटरला ठाम विरोध : वचनपूर्ती' (स्मार्ट मीटर म्हणजे वापराची नोंद आपणहून वीज कंपनीला पाठवणारं विजेचं मीटर). शेजारी हिरवी बरोबरची खूण, खाली लेटरहेडवरच्या एका पत्राचा फोटो. चहा तसाच राहिला.

अहो, ज्या भिंतीला टेकून मी हे वाचतेय, तिच्या पलीकडच्या अंगाला स्मार्ट मीटर लुकलुकतंय!

2024 च्या विधानसभेची प्रचारफेरी आमच्या गल्लीत आली होती, तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी औक्षण केलं. मीटरची पेटी दाराशीच आहे आणि तिच्यावर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून होतं. साहेबांनी त्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मावशी, हिला हात लावायला कुणी आलं तर आधी मला फोन करायचा. मी उभा आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तेव्हाची हवा आठवा. लोकसभेचा निकाल 4 जूनला लागला आणि त्याच महिन्यात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर (आधी रिचार्ज, मग वीज) बसवणार नाही असं जाहीर केलं. मे महिन्यात बडोद्यात लोक याच मीटरवरून रस्त्यावर आले होते. नणंद तिथेच असते, रोज फोनवर ऐकत होतो. म्हणजे विरोध करायला तेव्हा काही छाती लागत नव्हती, मतं मागायला आलेला प्रत्येक जण करत होता.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एके दुपारी दोन पोरं आली, घरात सासूबाई एकट्या. पोरं बिचारी सभ्य होती, पाणी मागून प्यायली, नवं मीटर बसवलं आणि हळदीकुंकवासकट जुनं गोणीत टाकून घेऊन गेली. मी फोन लावला, सांगितला होता तसा. उचलला साहेबांच्या पीएने. "ताई, हे प्रीपेड नाहीये, पोस्टपेड आहे. साहेबांचा विरोध प्रीपेडला होता."

म्हणजे झालं वचन पूर्ण!

बरं, जे खरं आहे ते मान्य करते. रिचार्ज मारावा लागत नाही, बिल महिन्यानंच येतं. जुलै 2025 पासून हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैशांपासून रुपयापर्यंत सवलतही आहे. माझी शिलाई मशीन आणि इस्त्री दिवसाच चालते, त्यामुळे चार पैसे वाचतातही. घ्या, लिहिलं.

पण ते वाचवले कुणी? आमदारांनी? सवलत विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या आदेशातून आली. आणि मीटर 'मोफत' म्हणतात, तेही ऐका. सरासरी बारा हजारांच्या आसपासचं एक मीटर, राज्यात सव्वादोन कोटींच्या घरात ग्राहक, केंद्राचं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त 900 रुपये. उरलेले कुठून येणार? आज नाही तर उद्या दरातून, म्हणजे तुमच्या-माझ्याच खिशातून. हे न कळण्याइतके आमदार भोळे नाहीत.

आता कुणीतरी या पोस्टखाली लिहिणारच, की एकटा आमदार काय करणार, नियम तर दिल्लीचे. खरंय. नवीन जोडणीला स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरच हवं, हे केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांतच लिहिलंय (हक्क म्हणे!), आणि ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेनं जुन्या ग्राहकांनाही मीटर बदलायला मुदत घालून दिली. मग त्या दिवशी पेटीवर हात ठेवून हेच सांगायचं होतं ना, "मावशी, माझ्या हातात फारसं नाही, पण सभागृहात भांडेन." आम्ही तरीही मत दिलं असतं.

लिहिता लिहिता थोडं वाईटही वाटतंय, कारण माणूस वाईट नाही. सासरे गेले तेव्हा भर पावसात रात्री स्मशानात आले होते. फोटोवाला नव्हता, गाडीत छत्रीही नव्हती, कोपऱ्यात उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. ते आम्ही विसरणार नाही. म्हणून तर जास्त राग येतो. परक्यानं थाप मारली असती तर मी पुस्तिका रद्दीत टाकून भाजी चिरायला घेतली असती.

मीटर बसलं याचा हिशोब मी त्यांच्याकडे मागतच नाही. विरोध केला का, एवढंच विचारतेय. आमदाराच्या हातात काय काय असतं! मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारा तारांकित प्रश्न असतो, तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना असते, ऊर्जा खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. वीज कायद्याच्या कलम 108 खाली राज्य सरकार आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं. ते द्या म्हणून सत्ताधारी बाकावरूनही मंत्र्यांच्या मागे लागता येतं. त्याच कायद्याचं कलम 47(5) प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत घेऊ नका म्हणतं. म्हणजे निवड ग्राहकाची, असं ग्राहक संघटना कधीपासून सांगतायत. तो मुद्दा विधानभवनात मांडायला कुणी अडवलं होतं? 2025 ला दर ठरताना आयोगानं हरकती मागवल्या, तिथे साध्या साध्या ग्राहकांनी हरकती घातल्या. पेटीवर हात ठेवणाऱ्याची हरकत कुठेय?

पत्राचा फोटो छापलाय, हो. पत्र पाठवणं म्हणजे विरोध असेल तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर महिन्याला पाण्याच्या टाकीला विरोध करतात.

साहेबांचे कार्यकर्ते माझ्या यादीत आहेत, मला माहीत आहे, आणि दुपारपर्यंत इथे येतीलही. या, पण 'दादांवर टीका करण्याआधी कामं बघा' हे लिहू नका, कामं पुस्तिकेत बघितली. प्रश्नाचा क्रमांक टाका, कोणत्या अधिवेशनात विचारला ते टाका, मंत्र्यांचं उत्तर काय आलं ते टाका. असेल तर याच भिंतीवर त्यांचं अभिनंदन करीन. त्या पत्राचा फोटो मात्र परत टाकू नका, मी झूम करून वाचलाय. त्यात 'विरोध' नाही, 'योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती' आहे.