सोलर वाढलं म्हणून तेल कमी होत नाही

नॉर्वेत राहून भारतातल्या मित्रांचा वाद रोज फोनवर वाचतो. एक म्हणतो, 2025 मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली, आता तेलाची आयात आपोआप उतरणार. दुसरा म्हणतो, ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, शेवटी कोळशावरच चालते, काय उपयोग. मला दोघांचंही पटत नाही.

अरे, भारतात तेल जाळून वीज बनवतंय कोण? वीज बहुतेक कोळशावर बनते, त्यामुळे सोलर पॅनल आलं की मागे सरतो तो कोळसा, तेल जातं गाड्यांच्या टाकीत, आणि गाडी विजेवर आल्याशिवाय त्या टाकीला छतावरच्या पॅनलशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्या मित्राला सांगायचंय की कोळशाच्या विजेवर चालली तरी ती ईव्ही पेट्रोलचा थेंब पीत नाही, धुराचा हिशोब वेगळा आणि आयातीचा वेगळा.

इथं 2024 मध्ये विकलेल्या नव्या कार्सपैकी जवळपास 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. ऐकायला भारी वाटतं, पण रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक कार्स पेट्रोल कार्सच्या पुढे गेल्या त्या सप्टेंबर 2024 मध्ये, आणि तेव्हाही डिझेलवाल्या दोघींपेक्षा जास्त होत्या. करसवलती तर 90च्या दशकापासून चालू आहेत! जुनी गाडी भंगारात जायला वर्षानुवर्षं लागतात, तेलाची मागणी त्याच वेगानं उतरते. मी ज्या फेरीबोटीनं खाडी ओलांडतो ती धक्क्याला लागली की गाड्या चढेपर्यंत चार्ज होते, ना धूर ना डिझेलचा वास, आणि तरी हाच देश अजून समुद्रातून तेल काढून विकतोय, याचा मला खरंच त्रास होतो.

पुढचं सांगायचं तर ओपेक, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांची संघटना, म्हणतं 2050 पर्यंत जगाची तेलाची मागणी वाढतच राहील, आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2025 च्या मध्यात म्हटलं की दशकाअखेरीस ती सपाट होईल, मग त्याच वर्षी सध्याचीच धोरणं राहिली तर ती वाढत राहील असं चित्रही मांडलं. म्हणजे सगळं धोरणावर आलं. प्लास्टिकचा कच्चा माल आणि विमानं तेलापासून लवकर सुटणार नाहीत, मान्य. पण भारतात तीनचाकी झपाट्यानं इलेक्ट्रिक झाल्याच ना? आता ट्रक घ्या, देशात सगळ्यात जास्त खपतं ते डिझेल. सोलरचा नवा आकडा आला की मी ग्रुपवर एवढंच विचारतो, हायवेवर ट्रकसाठी चार्जर किती बसवले?