तुम्ही काय वाजवता?

संगीत विद्यालयात इतिहासाचा प्राध्यापक म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी एका सहकाऱ्याने विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या गळ्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे गाता तर!"

पदोन्नतीच्या वेळी इतरांच्या अर्जांत मैफली, ध्वनिमुद्रणं. माझ्या अर्जात एक जाडजूड पुस्तक. स्वतःची टिमकी म्हणावी, तर तीही मला वाजवता येत नाही. समितीतल्या चेलोवादक बाईंनी पुस्तक हातात तोललं. "किती वेळ लागतो याला?"

"सहा वर्षं लागली."

"मध्यंतर धरून?"

इतिहासकारांच्या परिषदेत वेगळीच तऱ्हा. छातीवरच्या बिल्ल्यावर विद्यालयाचं नाव वाचून ते म्हणतात, "वा! मग रात्री जेवणानंतर होऊन जाऊ दे काहीतरी."

वर्गाच्या भिंतीपलीकडे ट्रॉम्बोनचा सराव चालतो. मी फ्रेंच राज्यक्रांती रंगवत असतो. सोळाव्या लुईचं डोकं उडतं आणि नेमका त्याच क्षणी पलीकडून एक लांबलचक, घसरता सूर येतो. वर्ग टाळ्या वाजवतो. ट्रॉम्बोनला.

शेवटी मी इतिहास संगीताच्या गोळीत घालून द्यायला लागलो. नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट झाला, तेव्हा चिडलेल्या बीथोव्हेनने आपल्या सिंफनीच्या मुखपृष्ठावरचं त्याचं नाव इतकं खरडलं, की कागदाला भोक पडलं. मागून प्रश्न : "सर, ती ई-फ्लॅट मेजरमधली ना?" युरोप जळतोय आणि यांना पट्टी हवी!

फ्रेंच दरबारातला संगीतकार लुली तर माझा हुकमाचा एक्का. चौदावा लुई आजारातून उठला म्हणून ठेवलेल्या संगीतसोहळ्यात त्याने ताल धरायची जड काठी स्वतःच्याच पायावर हाणली. जखम चिघळली, पाय कापू देईना, १६८७ मध्ये गेला. वर्ग सुन्न. मी दरबारी राजकारणाकडे वळणार, तोच ड्रमवाला हळहळला, "समेवर तरी लागली का हो?"

परवा हायडन घेतला. १७७२. एस्टरहाझी घराण्याचा राजपुत्र पदरच्या वादकांना घरी सोडेना, म्हणून हायडनने अशी सिंफनी रचली की शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोन व्हायोलिनं तेवढी उरतात. नोकरशाहीचा इतका सुरेल अर्ज दुसरा नसेल! सांगताना मी फळ्याकडे वळलो होतो. मागे खुर्च्या सरकत होत्या. मला वाटलं, टिपणं घ्यायला पुढे येतायत.

वळलो, तर दोघंच उरलेली. दोघंही व्हायोलिनवाली! गहिवरून म्हटलं, "विचारा, काय विचारायचंय?"

"सर, ही खोली चारपासून आमच्या सरावाला आहे. तुमचं आणखी किती चालेल?"