‘कॉम्प्रेशन चांगलं आहे, घेऊन टाका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागचा लेख होता इंजिनाचं काम निघालेली जुनी जेट स्की (पाण्यावर चालणारी स्कूटर) घ्यावी की नाही यावर. त्याखाली ‘अनामिक’ महोदयांनी लिहिलंय: ‘‘लेखकानं पाना कधी हातात धरलाय का? टू-स्ट्रोकला दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं की इंजिन ठीक. नाही आलं तर पिस्टन-रिंगा टाकायच्या आणि पाण्यात उतरायचं. मी दोन अशाच चालू केल्या. उगाच घाबरवून लोकांचे सौदे मोडू नका. फोर-स्ट्रोकवर दोनच ओळी, स्वतः काम करणाऱ्याची मजुरी वाचते त्याचा हिशेब नाही, आणि सिलिंडरमधला फरक 10 पीएसआय नव्हे, 10 टक्के धरतात. जेट स्की हे कावासाकीचं नाव आहे, तेही लेखकाला माहीत नसावं.’’

10 टक्क्यांचं बरोबर आहे. लेखात चूक झाली होती, दुरुस्त केली. (कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब; तो पीएसआयमध्ये मोजतात.) एका सिलिंडरला 150 पीएसआय आलं तर दुसऱ्याला 135 पर्यंत चालतं. माझ्या आकड्यानं 140 च्या खाली नको असं झालं होतं. म्हणजे माझं ऐकून कुणी गाडी घेतलीच असेल तर जरा जास्तच चांगली घेतली असेल. पण चूक ती चूक, आभार.

कावासाकीचं नाव आहे हे माहीत आहे. सी-डू या दुसऱ्या कंपनीच्या गाडीवाल्यालासुद्धा लोक ‘तुझी जेट स्की’च म्हणतात. पुढे जाऊ.

आता पाना. वीस वर्षं हीच इंजिनं उघडतोय. तेलकट हातांचे फोटो टाकायची सवय नाही, एवढंच. एखाद्याचं म्हणणं खोडायचं तर खुशाल खोडा, पण सुरुवातच ‘कधी हातात धरलाय का’नं करायची ही कुठली पद्धत? मुद्दा भक्कम असला की असला टेकू लागत नाही.

आणि मुद्दा भक्कम नाहीच. ‘कॉम्प्रेशन सारखं आलं की इंजिन ठीक’ या एका वाक्यानं जितक्या गाड्या लोकांच्या गळ्यात पडल्या असतील, तितक्या दुसऱ्या कशानं नसतील. कॉम्प्रेशन गेज पिस्टनच्या वरची खबर देतो: रिंगा, सिलिंडरची भिंत, हेड गॅस्केट. पिस्टनच्या खाली काय चाललंय ते त्याला कळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालची पेटी, जिथे क्रँक फिरतो) येतं आणि मग वर जातं. क्रँकचं सील कडक होऊन फाटलं की तिथून नुसती हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि भिंतीला घासून धरतो. आता तुमच्या सल्ल्यानं फक्त पिस्टन-रिंगा बदलल्या, तर फाटलं सील जागेवरच. नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाणार.

म्हणून जुना पिस्टन काढला की फेकायच्या आधी नीट बघायचा. एक्झॉस्टच्या बाजूलाच ओरखडे असतील तर पातळ मिश्रण किंवा जास्त ताप. चार कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील तर थंड इंजिनला एकदम थ्रॉटल दिलाय. सगळीकडून घासला असेल तर तेलच पोचलं नाही, ऑइल पंप आणि त्याच्या नळ्या तपासा. माथ्याची कड कुरतडल्यासारखी असेल तर डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट जळायच्या ऐवजी धडाक्यानं फुटणं. नव्वदच्या दशकातल्या सी-डूमध्ये राखाडी इंधननळ्या दिसल्या तर त्या आतून विरघळून हिरवट चिकटा सोडतात आणि कार्ब्युरेटरमधली बारीक जाळी तुंबते. तिथे नळ्या न बदलता, कार्ब न उघडता पिस्टन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

कॉम्प्रेशनच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं की रिंगांना सील मिळतं आणि मेलेलं सिलिंडरही छान आकडा दाखवतं. विकणारा ‘गंजू नये म्हणून तेल मारून ठेवलंय’ म्हणाला तर खरंही असेल. पण मग तो आकडा धरायचा नाही. टेस्ट करताना बॅटरी पूर्ण चार्ज, दोन्ही प्लग काढलेले, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा थांबेपर्यंत स्टार्टर. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवेल. त्याआधी सीट काढून दहा मिनिटं तसंच ठेवा; तळात पेट्रोलची वाफ साचलेली असते आणि तुम्ही तिथे ठिणगी काढणार आहात.

पिस्टनच्या खालच्या भागासाठी वेगळी चाचणी असते. इनटेक आणि एक्झॉस्टला रबर लावून पत्र्याच्या झाकण्या बसवायच्या, फ्युएल पंपाची पल्स लाइन (क्रँककेसमधून पंपाला जाणारी दाबाची नळी) बंद करायची, हातपंपानं 6 ते 8 पीएसआय हवा भरायची. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात.

तुम्ही म्हणाल, गाडी बघायला गेल्यावर हे कोण करू देतो? कुणीच नाही. मी लेखात तेच तर लिहिलं होतं. जे तपासता येत नाही ते गेलंय असं धरून भाव करायचा. त्याला तुम्ही ‘घाबरवणं’ म्हणता.

जे तपासता येतं ते मात्र तपासावं. पाणी मागे फेकणाऱ्या पंपाकडचा शाफ्ट हातानं फिरवून बघा, इंजिन जाम आहे की नाही लगेच कळतं. प्लग काढूनच फिरवा, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर तेही तिथूनच बाहेर येईल. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घाला. मग टॉर्च घेऊन इंजिनाच्या खालच्या बाजूला, स्टार्टर आणि माउंटच्या बोल्टांकडे बघा. सगळ्या बोल्टांवर एकाच उंचीला गंजाची रेघ असेल तर गाडी तेवढ्या पाण्यात बसली होती. रेघ क्रँकच्या पातळीच्या वर असेल तर बेअरिंगना गंज लागला असं समजा, गेज काहीही सांगो. एकदा क्रँकच्या सुईसारख्या रोलरांच्या बेअरिंगचा पिंजरा तुटला की तुकडे वर जातात, आणि मग तुमचे नवे पिस्टनही गेले.

उदाहरणादाखल, तशीच दुसरी, चालू गाडी 100 ला मिळत असेल आणि क्रँक, पिस्टन, बोअर, सील, गॅस्केट, कार्बचं किट मिळून 45 होत असतील. त्यात बॅटरी आणि पंपाच्या वेअर रिंगचे (झिजणारं कडं) 10 धरा. मग 45 च्या वर द्यायचंच नाही, आणि 45 ला घेतली तरी तुमची मेहनत फुकट. 30 ला मिळाली तर बोला.

मजुरीचं: स्वतः करा, वाचेल. क्रँक जोडून सरळ करणं आणि बोअरिंग तरीही बाहेरच जातं.

फोर-स्ट्रोकवर दोन ओळी होत्या, आता तीन घ्या. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. सुरुवातीच्या सुपरचार्ज सी-डूत क्लचचे सिरॅमिक वॉशर फुटून त्याचे कण तेलात जातात, म्हणून सुपरचार्जर कधी खोलला होता ते विचारा. उत्तर आलं नाही तर कधीच नाही असं धरा.

राहिल्या तुमच्या त्या दोन गाड्या. त्यांची क्रँककेस प्रेशरला धरून बघितली होती का, आणि पिस्टन टाकल्यावर किती तास चालल्या, एवढं लिहा. ‘चालू केल्या’ एवढं वाचून मला काही कळलं नाही.