‘घोरणं नॉर्मल आहे’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘कुत्रा घेताय? आधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक मेसेज बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. परवा मावशीनं तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली जालन्याच्या मावसभावानं लिहिलं, ‘ॲडव्हान्स दिलाय, पुढच्या आठवड्यात पगचं पिल्लू आणतोय.’ ऐन एप्रिलमध्ये. आता गप्प बसवत नाही, म्हणून मुद्द्यामुद्द्यानं उत्तर देतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डॉग शोचा चॅम्पियन म्हणजे सगळ्यात निरोगी कुत्रा, त्याचीच पिल्लं घ्या. रक्त जितकं शुद्ध तितके आजार कमी. पगचं नाक जितकं चपटं तितकी जात अस्सल. घोरणं आणि धापा टाकणं हे त्या जातीचं लक्षणच आहे, डॉक्टर पैशासाठी घाबरवतात. कूलर लावला की पग आणि बुलडॉग मराठवाड्यात मजेत राहतात. गावठी कुत्री रोगट असतात. आणि कागद असतील तर डोळे झाकून पैसे द्या.

यातला नाकाचा आणि घोरण्याचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो वाचून माणूस आजारी जनावराला दवाखान्यातच नेणार नाही.

आमच्या कॉलनीत एक पग आहे. दुपारभर तो शहाबादी फरशीवर पोट टेकून पडलेला असतो. झोपताना तोंडात रबरी चेंडू धरतो. घरच्यांनी त्याचे रील केलेत, लोक खाली बदाम टाकतात. पण चेंडू तोंडात असला की जबडा उघडा राहतो आणि तोंडावाटे हवा आत जाते. चेंडू सुटून घरंगळला की तो दचकून उठतो, दोन-चार खोल श्वास घेतो आणि पुन्हा चेंडू शोधतो. झोपेत गुदमरू नये म्हणून त्या मुक्या जिवानं स्वतःच शोधलेली ती सोय आहे. त्याचं नाक जवळून बघितलं तर नाकपुडीचं भोक दिसतच नाही, नुसती उभी चीर दिसते. नाकावरची वळी डोळ्याकडे सरकलेली आहे, त्या वळीचे केस बुबुळाला घासतात आणि तो डोळा कायम पाणावलेला असतो.

हे कशानं होतं? पिढ्यानपिढ्या आखूड तोंडाची पिल्लं निवडल्यामुळे कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकाच्या आत दाटी होते, दातांना जागा पुरत नाही. घोरण्याचा आवाज येतो तो त्या अडलेल्या वाटेतून हवा ओढण्याचा. तो गोड वाटतो हा आपल्या कानांचा दोष.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं ब्रिटनमधल्या साध्या दवाखान्यांच्या नोंदी गोळा करून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 4 हजारांहून जास्त पगची तुलना 21 हजारांहून जास्त इतर कुत्र्यांशी केली होती. श्वासमार्ग अडण्याचा आजार पगमध्ये सुमारे 54 पट, अरुंद नाकपुड्या सुमारे 51 पट, बुबुळावरची जखम सुमारे 13 पट जास्त निघाली. आरोग्याच्या बाबतीत पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येत नाही, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. त्याच अभ्यासात हृदयाची मर्मर (ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जास्तीचा आवाज) आणि अंगावर धावून जाण्याची खोड पगमध्ये कमी निघाली, तेही सांगून टाकतो. पण श्वासाच्या बाबतीत जे निघालं त्याचं काय करायचं? ‘जातीचं लक्षण’ म्हणून सोडून द्यायचं?

आणि ‘अस्सल’ म्हणाल, तर चित्रकार विल्यम होगार्थनं 1745 मध्ये स्वतःच्या चित्रात त्याचा लाडका पग रंगवलाय. त्या पगला चांगलं पुढे आलेलं तोंड आहे. चपटेपणा नंतर वाढवत नेला. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ज्या ब्रिटिश केनेल क्लबच्या नावानं आपल्याकडचे विक्रेते बोलतात, त्या क्लबच्या आजच्या पगच्या मानकात, म्हणजे जातीचा कुत्रा कसा दिसावा याच्या लेखी वर्णनात, आवळलेल्या नाकपुड्या आणि नाकावरची जाड वळी अमान्य आहे, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मेसेज ज्याला अस्सल म्हणतो, त्याला त्या जातीचं मानकच दोष म्हणतं.

आता कूलर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून, नाकातोंडाच्या ओल्या भागावरून हवा फिरवून तो अंग थंड करतो. ज्याची हवेची वाटच बुजलेली आहे त्याला हे जमत नाही. तो जोरानं धापा टाकतो, त्या कष्टानं अंग आणखी तापतं, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. वर सांगितलेल्या कॉलेजच्याच नोंदींवरून 2020 मध्ये उष्माघाताचा अभ्यास झाला. लॅब्राडोरच्या तुलनेत पगला सुमारे 3 पट, फ्रेंच बुलडॉगला 6 पट आणि बुलडॉगला सुमारे 14 पट धोका निघाला. हे आकडे ब्रिटनचे आहेत, जिथे पारा तिशीच्या पुढे गेला की बातमी होते. परभणी, नांदेड, जालन्यात मे महिन्यात 42-43 अंश हे रोजचं आहे. लाईट गेली की कूलर बंद. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर चालू असूनही उपयोग नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं पत्र्याच्या खोलीत दुपारी 2 वाजता पग बघितलेला नसावा.

चॅम्पियनच्या मुद्द्याला तर एकच उदाहरण पुरे. ब्रिटनमधला क्रफ्ट्स हा जगातला सगळ्यात नावाजलेला डॉग शो. 2012 मध्ये तिथे पहिल्यांदा असं ठरलं, की ज्या 15 जातींच्या तब्येतीबद्दल जास्त काळजी आहे, त्यांच्या विजेत्यांना पशुवैद्यानं तपासल्यावरच पुढच्या फेरीत सोडायचं. 15 पैकी 6 विजेते नापास झाले, त्यात बुलडॉग आणि पेकिनीज या चपट्या तोंडाच्या जाती होत्या. परीक्षकानं त्यांना त्याच शोमध्ये आपापल्या जातीत पहिलं ठरवलं होतं. यात परीक्षकाची लबाडी नाही. रिंगणात त्याच्या हातात काही मिनिटं असतात. तो दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, चाल बघतो आणि कुत्रा लिखित मानकाच्या किती जवळ आहे ते ठरवतो. खुब्याचा एक्स-रे तिथे निघत नाही, रक्त तपासलं जात नाही. मग त्या रिबिनीला आरोग्याचं प्रमाणपत्र कसं म्हणायचं?

बुलडॉगबद्दल एवढंच सांगतो: 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पाहणीत बुलडॉगची 86 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती. डोकं मोठं आणि मादीचा कटिभाग अरुंद, अशी निवड केल्यावर दुसरं काय होणार.

शुद्ध रक्ताचा दावा करणाऱ्यानं देवणी किंवा लाल कंधारी जातीची गुरं सांभाळणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. एकच वळू त्याच्याच पोटच्या कालवडींवर सोडत राहत नाहीत, वळू बदलतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुत्र्यांच्या जातींमध्ये मात्र एका गाजलेल्या नराची पिल्लं आणि मग त्या पिल्लांची आपसात पिल्लं, हे सर्रास चाललं. ब्रिटनमधल्या सुमारे 10 हजार पगमधली आनुवंशिक विविधता जेमतेम 50 कुत्र्यांएवढी असल्याचं 2008 च्या सुमारास पुढे आलं. त्यानंतर तिथल्या केनेल क्लबनं बाप-लेक, आई-लेक आणि भाऊ-बहीण यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली.

गावठी कुत्री रोगट, हा मुद्दा चिडवणारा आहे. गोचीड, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार), रेबीज हे लस आणि देखभाल न मिळाल्यामुळे होतात. त्यांच्या हाडामांसाच्या घडणीत खोट नाही. लांब नाक, सडपातळ अंग, मोकळा श्वास हे सगळं इथल्या उन्हासाठी बरोबर आहे. चाकूर तालुक्यातल्या जानवळची पश्मी आणि कारवानी कुत्री बघा, सशामागे रानभर पळणारी. माझी भीती वेगळी आहे. त्यांनाही आता शोचं वेड लागलं आणि पळणं न बघता नुसतं बारीक पोट नि खोल छाती बघून जोड लावले, तर दोन-चार पिढ्यांत त्यांचंही वाटोळं होईल.

कागदाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद आणि कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर आईबाप कोण ते कळतं, चोरीचं किंवा भलत्याच जातीचं पिल्लू गळ्यात पडत नाही. शोमध्ये येणारे काही ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारे, मनापासून तपासण्या करून घेतात, तेही खरं. पण कागदावर पूर्वजांची नावं असतात, त्यांचा श्वास कसा होता ते नसतं. म्हणून पिल्लाची आई समोर आणायला सांगा. ती पाच मिनिटं चालल्यावर घरघर करते का ते ऐका, नाकपुड्या बघा. ब्रीडर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे का ते विचारा. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार ते सक्तीचं आहे आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला का-कू करत असेल तर ॲडव्हान्स सोडून द्या.

ज्यांच्या घरी आधीच पग आहे त्यांनी त्याला टाकू नये, एवढी विनंती. गळ्याला पट्टा न लावता छातीचा हार्नेस लावा. वजन वाढू देऊ नका, चरबीनं श्वास आणखी अडतो. उन्हाळ्यात फिरवणं सकाळी 7 च्या आत उरका. नाकपुड्या मोठ्या करण्याची आणि टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते, तिच्याबद्दल पशुवैद्याला वेळेवर विचारा. आणि जीभ निळसर पडून तो लडखडायला लागला, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि मग गाडीत घालून दवाखाना गाठा.