भागाकार म्हणजे फक्त वाटणी नव्हे

मुलांना घरी भागाकार शिकवताना बहुतेक आईबाबा "भागाकार म्हणजे सारखी वाटणी" इथून सुरुवात करतात. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. पुढे भागाकारात अडणारी पुष्कळ मुलं या राहून गेलेल्या अर्ध्यापाशीच अडतात, असं माझं ठाम मत आहे.

१२ बटणं आणि ३ वाट्या घ्या. एकेक बटण आळीपाळीने वाट्यांत टाकत गेलं की प्रत्येकीत ४ येतात. ही झाली वाटणी. वाट्या किती ते माहीत होतं, प्रत्येकीत किती ते शोधलं. आता वाट्या उचलून ठेवा आणि त्याच १२ बटणांचे तीन-तीनचे ढीग करायला सांगा. ढीग ४ होतात. या वेळी ढिगात किती ते माहीत होतं, ढीग किती ते शोधलं. वहीत दोन्ही वेळा १२ ÷ ३ = ४ असंच लिहिलं जाणार, पण हातांनी केलेलं काम वेगळं आणि समोर दिसणारं चित्रही वेगळं: एकात ३ ठिकाणी चार-चार, दुसऱ्यात ४ ठिकाणी तीन-तीन. दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी राहू द्या. मुलाला निवांत बघू द्या. मग बटणं तीन-तीनच्या चार ओळींत लावून घ्या आणि त्याला बाजू बदलून बसायला सांगा. आता त्याला चार-चारच्या तीन ओळी दिसतात. दोन्ही उत्तरं सारखीच का येतात, हे यापेक्षा चांगलं समजावून सांगता येत नाही.

हे दुसरं रूप, म्हणजे गट पाडणं, का महत्त्वाचं? १०० ÷ २५ वाटणीने करायचं तर २५ वाट्या मांडाव्या लागतील. गटाने विचार केला तर '१०० मधून २५ किती वेळा निघतात' एवढाच प्रश्न उरतो. ६ ÷ १/२ तर वाटणीने डोळ्यांसमोर आणणंच अवघड, कारण अर्ध्या वाटीत वाटायचं तरी कसं? पण कागदाच्या ६ सारख्या पट्ट्या घेऊन प्रत्येक पट्टी मधोमध कापली की अर्धे तुकडे १२ मिळतात, आणि 'भागाकार केला की संख्या लहानच होते' हा पक्का बसलेला गैरसमज तिथेच सुटतो. शून्याने का भागायचं नाही, तेही इथेच कळतं. १२ बटणांतून दर वेळी शून्य बटणं उचलायची, ढीग कधी संपेल? मुलं दोन-तीनदा रिकामी मूठ उचलतात आणि स्वतःच सांगतात, संपणारच नाही.

सामानाबद्दल थोडं. तीसेक वस्तू पुरतात, पण त्या सगळ्या एकसारख्या हव्यात. लहान-मोठ्या असल्या तर मूल एका मोठ्याच्या बदल्यात दोन लहान देतं. त्याचा न्याय बरोबरच असतो, पण आपला प्रश्न तो नसतो. गोल मणी घरंगळतात आणि लक्ष तिकडे जातं, म्हणून चपटी बटणं किंवा बाटल्यांची झाकणं बरी. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बटणं टाळा, ती तोंडात जातात. सुरुवातीला १२ आणि २४ या संख्या घ्या, दोघींनाही २, ३, ४ आणि ६ ने पूर्ण भाग जातो.

छोट्या मुलांसोबत एक गोष्ट जरूर करून बघा. १२ बटणं ३ वाट्यांत वाटून झाली की दोन वाट्या हातांनी झाका, उघडी वाटी मोजायला सांगा, आणि मग विचारा, "या झाकलेल्या वाटीत किती असतील?" बरीच मुलं हात बाजूला सारून पुन्हा मोजायला लागतात. म्हणजे हाताला वाटणी येते, पण सारखं वाटलं तर संख्याही सारखीच, हे मनात अजून उतरलेलं नाही. समजावू नका, मोजू द्या. काही दिवसांनी ते न मोजता सांगेल.

बाकीला घाबरायचं कारण नाही, पण ती लपवूही नये. १४ बटणांचे चार-चारचे ढीग केले की ३ ढीग होतात आणि २ उरतात. त्या दोघांचं काय करायचं हे प्रश्नावर अवलंबून आहे. एका नावेत ४ जण बसत असतील तर १४ जणांना ४ फेऱ्या लागतील, ३ नाही. एका खेळण्याला ४ चाकं लागत असतील तर १४ चाकांत खेळणी ३ च होतील. नुसतं "भागाकार ३, बाकी २" लिहायला शिकलेलं मूल इथे गोंधळतं. आणि बाकी भाजकापेक्षा लहानच का, हे तर हातालाच कळतं. ५ उरले असतील तर चारचा आणखी एक ढीग होतोच की.

आता मांडणीचा भागाकार. इथे काड्या आणि रबरबँड लागतात, दहा-दहाचे गठ्ठे करण्यासाठी. ५६ ÷ ४ घ्या: ५ गठ्ठे, ६ सुट्या. चौघांना एकेक गठ्ठा दिला, १ उरला. तो सोडला, त्याच्या १० आणि आधीच्या ६ मिळून १६ झाल्या, प्रत्येकाला ४ आल्या. उत्तर १४. वहीत आपण 'पुढचा अंक खाली घेतो' तो नेमका हा क्षण: सोडलेला गठ्ठा सुट्यांत मिसळणं. भागाकार डावीकडून का करतात हे पटवायचं असेल तर एकदा सुट्यांपासून वाटू द्या. ६ मधली एकेक दिली, २ उरल्या, मग गठ्ठे वाटले, एक उरला, तो सोडला, आणि सुट्या पुन्हा वाटायची वेळ आली. दुप्पट काम कशाला, हे मूलच म्हणेल.

पुष्कळ चुका उत्तरातल्या शून्यात होतात. ६२ ÷ ३ चं उत्तर मुलं "२, बाकी २" लिहितात. काड्यांवर ही चूक होणं कठीण, कारण प्रत्येकाच्या हातात दोन गठ्ठे दिसत असतात, म्हणजे २०. उरलेल्या २ सुट्या तिघांना एकेक पुरत नाहीत, म्हणून एककाच्या जागी ०.

मोठ्यांकडून होणारी चूक एकच, पण ती फार नुकसान करते: मूल अडखळलं की आपला हात पुढे जातो आणि आपणच बटणं सरकवतो. थांबा. आधी अंदाज विचारा, मग करू द्या. अर्थात वस्तू कायमच्या नकोत. सराव झाला की बटणांवर रुमाल टाकून तोच प्रश्न विचारा, मग ठिपक्यांचं चित्र, मग आकडे. पाढे पाठ होईपर्यंत थांबायचीही गरज नाही, ढीग मोजता मोजता पाढे पक्के होत जातात.

समजलं की नाही हे बघायला १५ ÷ ५ लिहा आणि त्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी रचायला सांगा. एकीत ५ जणांना १५ वस्तू वाटल्या आणि दुसरीत पाच-पाचचे गट झाले तर छानच. दोन्हींत नुसती वाटणीच आली, तर वाट्या पुन्हा उचलून ठेवा आणि ढिगांवर या.