अध्यक्ष तीन, पेटी एक

ठाण्यातलं आमचं एवढंसं कॉलेज. मुलं जेमतेम 400, आणि क्लब? 19! त्यातले तीन नुसते गाण्याचे. प्रत्येकाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, वर सोशल मीडिया हेड. गायचं कोणी? ते विचारायचं नाही.

टी-शर्ट छापून झाले, लोगोवरून दोन आठवडे भांडून झालं, तलावपाळीवर फोटोही काढून झाले. तालमीला मात्र "अगं, घोडबंदरला ट्रॅफिक आहे." रोज? अरे, तू नौपाड्यात राहतोस ना?

पेटी एकच. तिची काळी चार दाबली की खालीच बसते, दर वेळी नखाने उचला. भात्याला सेलोटेप. तबल्याची शाई उडालेली. दुरुस्तीला पैसे मागितले, तर म्हणे बजेट बॅनरमध्ये गेलं. वाजवा आता बॅनर!

युवा महोत्सवात समूहगीताला फार तर सहा गायक चालतात. सहा! तेवढी डोकीसुद्धा एका खोलीत एका वेळी जमत नाहीत. ग्रुपवर मात्र 47 अंगठे.

काल साडेपाचची तालीम. हजर कोण? मी, पेटी आणि झाडू मारायला आलेल्या मावशी. त्यातल्या त्यात मावशी सुरात होत्या.