'खणणारे हात कुठलेही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याच्या व्हर्जिनियातल्या मॉन्टिचेलो या इस्टेटीच्या बागेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की मी बागेवर लिहायला बसले आणि गुलामगिरीवर लिहून उठले. अठराव्या शतकातल्या माणसांना आजची फूटपट्टी लावली. आणि जॉन बार्ट्रम या अठराव्या शतकातल्या अमेरिकन झाडं-बिया गोळा करणाऱ्या, स्वतः राबणाऱ्या माणसाचं साधं नावही घेतलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "बाग ज्याच्या डोक्यातून निघते त्याची. खणणारे हात कुठलेही असू शकतात." मला बोलायचंय ते मुख्यतः या शेवटच्या वाक्याबद्दल.

थॉमस जेफर्सनच्या डोक्यात बाग होती, यात शंकाच नाही. १७६६ पासून १८२४ पर्यंत त्याने बागेची वही ठेवली. कुठला वाटाणा कधी पेरला, कधी फुलला, कधी ताटात आला, सगळं त्यात आहे. भाज्यांचे ३०० हून जास्त वाण त्याने लावून पाहिले. हे मी लेखातही लिहिलं होतं. पण त्याच वहीत, १७७२ साली, ज्युलियस शार्ड नावाचा एक मजूर भेटतो. दोन चाकांची हातगाडी मातीने भरायला त्याला ३ मिनिटं लागतात आणि ती ३० यार्ड न्यायला आणखी दीड मिनिट. एका चाकाच्या गाडीपेक्षा दोन चाकांची परवडते का, याचा तो हिशेब आहे. म्हणजे हे हात मी कुठून उकरून आणलेले नाहीत. मालकाने स्वतःच ते वेळ लावून, नावानिशी टिपून ठेवलेत.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष असताना डोंगराचा उतार कापून १००० फूट लांब आणि ८० फूट रुंद असा भाजीचा सपाट पट्टा तयार झाला, खाली दगडी बांध घातला गेला. ते काम गुलामांनी केलं. आणि मालक वॉशिंग्टनमध्ये असताना फुलांचे वाफे कोण सांभाळत होतं? वर्मली ह्यूज. जन्म १७८१, तोही गुलाम. लहानपणी मॉन्टिचेलोच्या खिळ्यांच्या कारखान्यात होता, नंतर रॉबर्ट बेली या स्कॉटिश माळ्याच्या हाताखाली शिकला. जेफर्सन लांबून कंद-मुळं आणि सूचना पाठवायचा. कुठला कंद किती खोल घालायचा, कुठलं रोप कधी हलवायचं, पाणी कधी तोडायचं, हे जागेवर ठरवणं वर्मलीकडे. बाग करणाऱ्याला ठाऊक असतं, कागदावरची सूचना आणि मातीतलं रोप यांच्यात केवढं अंतर असतं ते. १८२६ मध्ये जेफर्सन गेला तेव्हा त्याची कबर वर्मलीनेच खणली. वर्मलीला मोकळं सोडण्यात आलं. पण मालकाचं कर्ज फेडायला जानेवारी १८२७ मध्ये जो लिलाव झाला, त्यात त्याची बायको अर्सुला आणि मुलं विकली गेली. हे मी बागेच्या लेखातून कसं वगळू, तुम्हीच सांगा.

आणि प्रश्न फक्त हातांचा नाही. १८०८ च्या एका पत्रात जेफर्सन तिळाबद्दल उत्साहाने लिहितो: हे पीक आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी आणलं, ते पावात घालतात, भाजीबरोबर शिजवतात, रश्शाला दाटपणा आणतात. म्हणजे आपल्या संक्रांतीचा तीळ तिथे कसा खायचा हे मालक त्यांच्याकडून शिकला. भेंडीही आफ्रिकेतलीच, १८०९ पासून ती त्याच्या नोंदींत दिसते. १८०५ ते १८०८ या काळात त्याची नात अ‍ॅन, सुरुवातीला जेमतेम चौदा वर्षांची, घरखर्चाची वही लिहायची. मोठ्या घरासाठी काकड्या, कोबी, अंडी, कोंबड्या कुणाकडून विकत घेतल्या? गुलामांच्या कुटुंबांकडून. दिवसभर मालकाचं काम उरकून आपल्या झोपडीशेजारच्या तुकड्यात त्यांनी पिकवलेलं. हेही बागच ना? आणि ही तर त्यांच्याच डोक्यातून निघालेली.

दापोलीला आमच्याकडे आंब्याची कलमं बांधायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. बाग आजोबांच्या नावावर होती. पण ते आले की आजोबा सुतळी हातात धरून त्यांच्या मागे उभे राहायचे आणि ते सांगतील तसं करायचे. तुमचं वाक्य वाचलं आणि मला पहिल्यांदा तेच आठवले.

फूटपट्टी आजची नाही. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला तो १६८८ मध्ये, जेफर्सनच्या जन्माच्या ५५ वर्षं आधी.

"तिथे आधी नुसतं जंगल होतं" असंही तुम्ही ओघात म्हणून गेलात. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने इरोक्वाय या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची सुमारे ४० गावं जाळली. सलिव्हनच्याच अहवालात नष्ट केलेल्या मक्याचा आकडा १,६०,००० बुशेल (धान्य मोजायचं जुनं माप) आहे, आणि शिपायांच्या रोजनिशांमध्ये तोडलेल्या सफरचंद-पीचच्या बागा आहेत. जंगलात एवढा मका पिकत नाही.

आता बार्ट्रम. इथे चूक माझी आहे, आणि ती मोठी आहे. १७२८ मध्ये फिलाडेल्फियाजवळ स्कुलकिल नदीकाठी जमीन घेणारा हा शेतकरी घोड्यावरून रानोमाळ फिरला आणि पीटर कॉलिन्सन या लंडनच्या कापडव्यापाऱ्यामार्फत बियांच्या पेट्या इंग्लंडला पाठवू लागला. एका पेटीत शंभरेक जातींचं बी, किंमत ५ गिनी. इंग्लंडमधल्या कितीतरी बागांतली अमेरिकन झाडं या पेट्यांतून गेलेली. १७६५ मध्ये राजाने वर्षाला ५० पौंड लावून दिले. त्याच वर्षी मुलगा विल्यमबरोबर जॉर्जियात ऑल्टमाहा नदीकाठी त्याला एक अनोळखी झाड दिसलं. पुढे विल्यमने त्याचं बी आणून रुजवलं आणि बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून त्याला फ्रँकलिनिया म्हटलं गेलं. १८०३ नंतर ते रानात कुणालाच दिसलेलं नाही. आज जगात जेवढे फ्रँकलिनिया आहेत, ते सगळे त्या बापलेकांच्या बागेतल्या रोपांचे वंशज आहेत. एवढी गोष्ट माझ्या लेखात नसावी, हा तुमचा राग अगदी रास्त आहे.

बार्ट्रमवर स्वतंत्र लेख लिहायला घेतलाय. तुमच्या अंगणात फ्रँकलिनिया आहे असं तुम्ही लिहिलंय. ऑगस्टअखेर पांढरी फुलं आली की एक फोटो पाठवाल का? तुमची हरकत नसेल तर तोच लेखावर लावेन. मात्र एक आधीच सांगून ठेवते. १७६६ मध्ये विल्यमने फ्लोरिडात शेतमळा करून पाहिला, तेव्हा बापाने त्याला सहा गुलाम विकत घेऊन दिले होते. त्या लेखात ते सहाजणही असतील.